वैद्यकीय गांजाचे ओळखपत्र : कॅलिफोर्नियातील व्यवस्था

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली सार्वमताने रुग्णांना औषध म्हणून गांजा वापरण्याची मुभा दिली. तथापि डॉक्टर तो लिहून देत नाहीत, केवळ त्याची शिफारस करतात. कारण १९७० च्या संघीय कायद्याने गांजाची गणना मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या द्रव्यांत केली होती. अशी शिफारस करणे हा डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्याचाच भाग होय, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला.

ओळखपत्राची योजना २००३ च्या कायद्याने आली. लेखी शिफारस आणि ओळखीचा व निवासाचा पुरावा घेऊन रुग्णाने आपल्या काउंटीच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करावयाचा असतो. हे पत्र ऐच्छिक असून दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. पोलिसांपुढे ते पुरावा ठरते; शिवाय खरेदीवरील विक्रीकर माफ होतो.

परंतु हे संरक्षण राज्यापुरतेच आहे. राज्याने मुभा दिली तरी संघीय बंदी रुग्णांवर लागू करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरविले. तेथून मायदेशी येणाऱ्या मराठी रुग्णाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याकडे अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा लागू आहे. त्यापुढे या पत्राचा आधार मिळत नाही.