मंत्रचळ

वाचकहो, रविवारी सकाळी चहाबरोबर हा विषय द्यावा की नाही, याचा मी बराच विचार केला. पण तीस वर्षं तो माझ्याजवळ पडून आहे.

१९९४ साली मी आंबेगाव तालुक्यात बँकेच्या एका शाखेत होतो. पीककर्ज नवं-जुनं करायला आलेला एक तरुण कॅश बंद झाली तरी बाकावरून उठेना. शेवटी म्हणाला, "सायेब, तुमी गोष्टी लिवता ना? मग मानसाच्या मनात घाण कुठनं येती?"

त्याची चुलती वारली होती. तिरडी बांधली जात असताना त्या देहाविषयी एक अभद्र, शरीरसुखाचा विचार त्याच्या मनात चमकून गेला. तो हादरला. विचार दाबायला गेला, तर तो रोज येऊ लागला. मग त्यानं मयतीला जाणंच सोडलं. जुन्नरचा सख्खा मामा गेला तेव्हाही हा घरात कडी लावून बसला. खेडेगावात माणूस लग्नाला आला नाही तर चालतं, मयतीला आला नाही तर चालत नाही. भावकीनं बोलणं टाकलं. आईनं देवऋषी गाठला.

मी काय केलं? "असलं पुन्हा कुणापुढं बोलू नकोस," एवढं सांगून कपाटाला कुलूप लावलं. कथा-कादंबऱ्या लिहिणारा मी!

दोनेक वर्षांनी नारायणगावच्या एसटी स्टँडवर तो भेटला. पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू होते. हा मंत्रचळ आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याचा मंत्रचळ आपल्याला कळतो. तोच आजार किळसवाण्या विचारांच्या रूपानंही येतो. ज्याची सर्वांत जास्त घृणा, तेच मनात घुसतं. ती इच्छा नव्हे, भीती असते.

मृतदेहाविषयी खरोखरीचं आकर्षण असणारी माणसंही असतात, फार थोडी. रोसमन आणि रेझनिक या अमेरिकी डॉक्टरांनी १९८९ साली अशा १२२ प्रकरणांचा अभ्यास मांडला. सर्वाधिक आढळलेलं कारण क्रौर्य नव्हतं, तर नकार न देणारा, प्रतिकार न करणारा जोडीदार हवा असणं, हे होतं. वाचून अंगावर काटा येतो आणि थोडी कीवही.

कृतीला अर्थातच क्षमा नाही. आपला कायदा मात्र इथं अडखळतो. तुमकूर जिल्ह्यातल्या २०१५ च्या एका खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये खुनाची शिक्षा कायम ठेवली, बलात्काराची रद्द केली. कारण कायद्याच्या भाषेत मृतदेह ही 'व्यक्ती' नाही. न्यायालयानं केंद्राला दुरुस्ती सुचवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०१ मध्ये मृतदेहाच्या विटंबनेला जुनीच, फार तर एक वर्षाची शिक्षा आहे.

असे प्रश्न विचारायला मराठी माणसाला एकेकाळी जागा होती. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्यापायी १९३४ साली खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. दंड झाला, मासिक १९५३ पर्यंत निघत राहिलं. आज सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६. नावगाव न सांगता बोलता येतं.

स्टँडवर त्यानं मला चहा पाजला. मी माफी मागणार, इतक्यात घोडेगावची गाडी लागली. पायरीवरून वळून तो म्हणाला, "परवा चुलत्याला खांदा दिला, सायेब. ईचार आला व्हता. येऊ दिला."