करवंद काळं का होतं? आणि पिवळा आंबा कधी फसवतो?

एप्रिल-मे महिन्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर करवंदाची जाळी बघा. एकाच फांदीवर हिरवं, लाल आणि काळं अशी तिन्ही करवंदं सापडतील. झाड तेच, माती तीच, मग रंग वेगळा का?

सुरुवात हिरव्याने

कच्च्या फळात पानांसारखंच हरितद्रव्य असतं. त्यामुळे फळ पानांत लपून राहतं. शिवाय चीक आणि तुरटपणा असतोच. बी तयार झाली की मात्र फळ कुणीतरी खाल्लेलं झाडाच्या फायद्याचं असतं, कारण बी लांब नेण्याचं काम पक्षी-प्राणी करतात. रंग म्हणजे त्यांना दिलेली हाक.

काळं म्हणजे काळं नाही

पिकलं करवंद बोटाने चिरडा. रस काळा नाही, गडद लाल निघतो. हे अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. सालीत ते थोडं साठलं की फळ लाल दिसतं, भरपूर साठलं की काळं. ते पाण्यात विरघळतं, म्हणूनच जांभळं खाल्ली की जीभ जांभळी होते.

रातांब्याच्या सालीतही हेच रंगद्रव्य असतं. आगळात थोडं पाणी घालून त्यात चिमूटचिमूट खायचा सोडा टाकून बघा. लाल रंग जांभळट, मग निळसर-हिरवट होत जाईल. अँथोसायनिन आंबट द्रावणात लाल असतं आणि आंबटपणा गेला की रंग बदलतं. कोकम सरबत लालभडक दिसतं ते कोकमातल्या आम्लामुळेच.

आंब्याचं गणित वेगळं

आंब्याचा आणि फणसाच्या गऱ्याचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड्सचा. हे पाण्यात नाही, तेलात विरघळतात. यातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं.

अढीत घातलेला आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो. त्याच्या इशाऱ्याने एकाच वेळी अनेक कामं सुरू होतात. हरितद्रव्य तुटतं, कॅरोटिनॉइड्स वाढतात, पिठूळ स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो आणि वास सुटतो.

फसवणूक इथेच होते

कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की असिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो. कोवळ्या आंब्याचीही साल पिवळी होते, पण आत साखर आणि वास तयार झालेलाच नसतो. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणूनच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला देशात बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत परवानगी आहे.

त्यामुळे आंबा घेताना फक्त रंगावर जाऊ नका. पेटी एकजात पिवळीधमक आहे, पण देठाजवळ वासच नाही, तर शंका घ्या. साल पिवळी करणं सोपं असतं, सुगंध आणणं नाही.