आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचीय? पान्हा हातात घेण्याआधी हे वाचा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली आणि घरात सगळ्यात आधी प्रश्न आला तो फ्लॅटचा नाही, गाडीचा. मागच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली आजोबांची प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं उभी आहे. आजोबा गेले, गाडी तिथेच राहिली. आता जागा रिकामी करायची म्हटल्यावर काका म्हणाले, "भंगारात द्या." बाबा काहीच बोलले नाहीत.

अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, अशा गाड्या आजही कुठल्यातरी कोपऱ्यात दिसतात. काही जणांच्या गावच्या गोठ्यातही असतील. तर अशी गाडी परत चालू करता येते का? कायदा काय म्हणतो? आणि सुरुवात कुठून करायची?

आधी थोडा इतिहास

पद्मिनी पक्की मुंबईकर. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि गाड्या बनायच्या कुर्ल्यात. इटलीच्या फियाट ११०० वरून आलेली ही गाडी १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि बहुतेकींचा गिअर स्टेअरिंगच्या दांडीला. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने शहर वाहिलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. ती मर्यादा टॅक्सीला आहे, घरच्या गाडीला नाही. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरातली आहे, मुंबईतली नाही.

कागद आधी, फिटर नंतर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासायला न्यायची आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या बदलानुसार २० वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे. त्यावर विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हे सगळं आलंच.

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. हे काम भावंडं एकमेकांशी बोलत असतानाच उरका. जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन दिसली नाही तर घाबरू नका. मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एंट्रीबद्दल विचारा. अंधेरी आणि बोरिवलीला स्वतःचं आरटीओ आहे, घाटकोपर-मुलुंडकरांना वडाळा.

५० वर्षं झाली असतील तर?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९७४-७५ च्या गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं.

पण एक अट नीट वाचा. व्हिंटेज गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर हा दर्जा मिळत नाही. त्यामुळे कुणी "दुसरं इंजिन टाकून देतो" म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका.

आता गाडीकडे या

पहिली चूक म्हणजे नवी बॅटरी लावून चावी फिरवणं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात आतून गंज धरलेला असू शकतो. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडतात, एक-दोन दिवस थांबतात आणि मग इंजिन हाताने फिरवून बघतात. हाताने फिरलं, तर आशा आहे.

टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं. ते काढून टाकी आणि कार्बोरेटर साफ करावे लागतात. रबरी पाइप बदलाच, कारण आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. ब्रेकचे सिलिंडर अडकलेले असतात. टायरची नक्षी छान दिसली तरी कडा तडकलेल्या असतात. वायरिंग उंदरांनी सोडलं असेल तर नशीब.

आणि खरा निकाल लागतो तो पत्र्यावर. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. मुंबईच्या दमट हवेत फ्लोअर आणि दाराखालचा पत्रा आतून सडतो. मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. आरपार गेला तर खर्च इंजिनापेक्षा पत्र्याचाच जास्त होणार. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात शोधता येतात, कुजलेला फ्लोअर मात्र बनवूनच घ्यावा लागतो.

आणि नाहीच जमलं तर?

रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणी तुमच्याच घरच्या नावावर राहते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, नोंदणी रीतसर रद्द करता येते आणि नव्या गाडीच्या करात सवलतही मागता येते.

आमच्याकडे काय झालं? आरसी बुक सापडलं, माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात. मागच्या रविवारी बाबांनी मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, बाकीचा शाबूत आहे. इंजिन हाताने फिरलं. काका अजूनही भंगार म्हणतात, पण संमतीपत्रावर सही त्यांनीच पहिली केली.