गाडीचे ऑइल चेंबर घरी उघडताना

गेल्या पावसाळ्यात येरवड्यातील आमच्या दारासमोर रोज सकाळी एक काळा डाग दिसू लागला. गाडी हलवली की खाली वाटीएवढे तेल. गाडी मारुती ८००, २०१० सालची. आता ती बनत नाही, २०१४ साली उत्पादन थांबले. पण आमच्या घरी ती चैनीची वस्तू नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बंडगार्डनच्या पुलापलीकडे न्यावे लागते. गॅरेजवाले म्हणाले, ‘‘चेंबर गळतंय, गाडी चार दिवस ठेवा.’’ चार दिवस गाडी देणे आम्हाला शक्य नव्हते. तेव्हा शनिवार-रविवारी हे काम घरीच करायचे ठरले.

ऑइल चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी बसवलेला पत्र्याचा टब. इंजिनाचे तेल त्यात साठते आणि पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो. सांध्याला काही गाड्यांत पॅकिंग असते, काहींत नुसता सिलिकॉनचा थर. गतिरोधकावर टब घासला किंवा थर जुना झाला की गळती सुरू होते.

गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, ‘‘आधी गळतं कुठनं ते बघा. वरच्या टॅपेट कव्हरचं तेल ओघळून खाली येतं अन् नाव चेंबरचं होतं.’’ आम्ही इंजिन पुसून कोरडे केले, टाल्कम पावडर मारली आणि गाडी थोडी फिरवून आणली. पावडर टबाच्या सांध्यावरच ओली झाली होती.

आता जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. विटा आणि सिमेंटचे ठोकळेही चालत नाहीत, ते अचानक फुटतात. सपाट, पक्क्या जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ओंडके लावावेत आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी. आम्ही स्टँड एका दिवसासाठी मागून आणले. मुलांना त्या बाजूला फिरकू दिले नाही.

तेल कोमट असताना काढले. बोल्ट थोडे थोडे करून सैल केले. टब चिकटून बसला होता. इथे हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो, पण त्याने सांध्यावर ओरखडा पडला तर तिथून पुन्हा गळणारच. पुट्टीची पातळ पट्टी सरकवून, रबरी हातोडीने हलके ठोकत टब सोडवला.

पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. सिलिकॉन जास्त म्हणजे बळकट, असे वाटून जाड लेप दिला, बोल्ट जोर लावून आवळले आणि सोमवारी आईला न्यायचे म्हणून संध्याकाळीच तेल भरले. सकाळी डाग हजर. सोमवारी आईला रिक्षाने नेले.

पुढच्या शनिवारी पुन्हा टब काढला. आत दाबून आलेले सिलिकॉन शेवयांसारखे लोंबत होते. त्यातला तुकडा जाळीत अडकला तर पंपाला तेल मिळत नाही आणि इंजिन जाम होते. मामांनी टब शहाबादी फरशीवर पालथा ठेवून दाखवला. जोरात आवळल्यामुळे बोल्टांच्या भोकांभोवतीचा पत्रा उचलला गेला होता. लाकडावर ठेवून तो हळूहळू ठोकून सपाट केला. जाळी डिझेलने धुतली. सांध्याच्या दोन्ही बाजू आधी खरवडून, मग थिनरने पुसून कोरड्या केल्या. (थिनर असताना जवळ शेगडी, विडी काही नको.) यातच दोन तास गेले. खरे काम हेच आहे.

मग सुमारे तीन मिलिमीटरची एकच सलग रेघ, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. टब लगेच बसवला. बोल्ट आधी बोटांनी, मग मधल्यापासून कडांकडे, आलटून पालटून. बोल्ट बारीक असतात, त्यांना लांब पान्याचा जोर लावू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेले माप पाळावे. तेल काढायच्या प्लगला नवा वायसर घातला आणि गाडीला रविवार दुपारपर्यंत हातच लावला नाही. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळण्यापुरता असतो, हे आम्ही एक रिक्षाभाडे देऊन शिकलो होतो.

नवे फिल्टर, नवे तेल. इंजिन चालू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही क्षणांत विझला. विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

राहिले जुने तेल. कोणी ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, कोणी नाल्यात ओततात. आपल्या वस्तीतले नाले मुळा-मुठेला मिळतात आणि वापरलेले इंजिन तेल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडते. आम्ही ते डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात दिले.

सोमवारी सकाळी आई गाडीत बसण्याआधी खाली वाकून बघू लागली. फरशी कोरडी होती.