कठडा आणि उनाड मुलगा

ज्यू म्हटले की आपल्याकडे कोकणातले ‘शनवार तेली’ आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल. त्याच शनिवारी सकाळी जगभरच्या सिनेगॉगमध्ये हस्तलिखित गुंडाळीवरून तोराचे वाचन होते. मोशेच्या पाच ग्रंथांचे ५४ भाग पाडले आहेत. वर्षभरात ते क्रमाने वाचून संपतात आणि सिम्हत तोराच्या सणाला शेवट होताच पुन्हा आरंभापासून सुरुवात होते.

म्हणजे आवडेल तो उतारा निवडण्याची सोय नाही! त्या आठवड्याच्या वाट्याला जे येईल, मग ती वंशावळ असो की त्वचारोगाची लक्षणे, त्यातूनच आजच्या माणसासाठी बोध काढायचा. मला या पद्धतीचे मोल वाटते ते यासाठीच.

पाचव्या ग्रंथातील ‘की तेत्से’ हा भाग पाहा. परंपरेच्या मोजणीनुसार एकट्या या भागात ७४ आज्ञा आहेत. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही त्यांतली एक. हिला भाष्याची गरज नाही; रोजंदारीवरच्या कोणालाही विचारावे. दुसरी आज्ञा अशी की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास दोष घराकडे येईल. तालमूदमध्ये रब्बी नाथान यांनी यावरून, घरात चावरा कुत्रा किंवा मोडकी शिडी ठेवू नये, असा नियम काढला. येथवर आल्यावर उघडी विजेची तार, झाकण नसलेली विहीर, ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी आपोआपच यादीत येतात. अपघात झाल्यावर हळहळणे वेगळे. येथे कोणी पडण्यापूर्वीच मालकाला जबाबदार धरले आहे.

पण याच भागात, आईबापांचे न ऐकणाऱ्या खादाड, दारुड्या मुलाला दगडांनी ठार मारावे, अशीही आज्ञा आहे. तिचे काय करायचे? हा उतारा गाळून कठड्यावरच बोलणे सोपे. पण मग मघाशी सांगितलेल्या पद्धतीला अर्थ काय उरला? तालमूदकारांनी अक्षर बदलले नाही, मात्र अटी इतक्या कडक केल्या की, रब्बी यहुदा यांच्या मते, आई आणि बाप आवाजाने, रूपाने व उंचीनेसुद्धा सारखे हवेत! असा मुलगा कधी झालाच नाही आणि होणारही नाही, असे एक मत तेथे नोंदले आहे. त्याला लागूनच रब्बी योनातान यांचे म्हणणे येते की, मी असा मुलगा पाहिला आहे आणि त्याच्या कबरीवर बसलोही आहे. संपादकांनी दोन्ही मते ठेवली. ती तशीच शेजारी ठेवण्यात मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

विसाव्या शतकात जेरुसलेमच्या नेहामा लाइबोविट्झ (१९०५-१९९७) या विदुषीने १९४२ पासून सुमारे तीस वर्षे दर आठवड्याच्या भागावर प्रश्नपत्रके काढली. शेतकरी, सैनिक, गृहिणी उत्तरे लिहून पाठवीत आणि बाई ती तपासून परत धाडीत. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांचे भाष्य समोर ठेवून त्या हमखास विचारीत, की राशींना येथे नेमके काय अडले? बोध काय, हे मात्र ज्याचे त्याने शोधायचे.