वादळ गुजरातकडे वळले म्हणजे डहाणू सुटले का?

२ जून २०२० रोजी हवामान विभागाचा इशारा होता की ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. झाई, बोर्डी, डहाणू, चिंचणी ही सगळी गावे या पट्ट्यात येतात. प्रत्यक्षात वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडची दैना झाली. डहाणू तिथून दीडशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला आहे. अंतराइतकीच इथे दिशाही महत्त्वाची होती.

चक्रीवादळात वारा छपरे उडवतो, पण जगभर जास्त बळी घेतले आहेत ते पाण्याने. १९७० साली आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसे दगावली, ती मुख्यतः समुद्र आत शिरल्यामुळे. याला वादळी फुगवटा म्हणता येईल. धरणामागे पाणी फुगते तसाच इथे समुद्र फुगतो. ही एखादी मोठी लाट नसते. समुद्राची पातळीच काही तासांसाठी वर चढते आणि नेहमीच्या लाटा त्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतात.

वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी थोडे वर उचलले जाते. हिशेब सोपा आहे : दाब एक मिलीबारने घटला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढते. २०२१ च्या ‘तौक्ते’च्या केंद्रातला दाब ९५० मिलीबारपर्यंत उतरला होता, म्हणजे यातून चढ झाला जेमतेम ६० सेंटीमीटरचा. उरलेले काम वाऱ्याचे. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी तळाशी परत फिरते. उथळ असेल तर त्याला वाट मिळत नाही आणि ते साचते. डहाणूसमोरचा समुद्रतळ दूरपर्यंत उथळ आहे, आणि खाड्या तर पाण्याला गावात शिरायला तयार रस्ताच देतात. खारे पाणी विहिरीत आणि चिकूच्या वाडीत शिरले, तर वादळ ओसरल्यावरही त्रास संपत नाही.

आता दिशा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. पश्चिमेकडून येणारे वादळ जिथे किनाऱ्यावर चढते, त्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दक्षिणेला समुद्राकडून जमिनीकडे. ‘निसर्ग’च्या वेळी डहाणू उत्तरेला, म्हणजे बऱ्या बाजूला होते. तेच वादळ दमणला, डहाणूपासून ५० किलोमीटरच्या आसपास वर, चढले असते तर डहाणू-तलासरीचा किनारा नेमका वाईट बाजूला आला असता. ‘वादळ गुजरातकडे सरकले’ ही बातमी ऐकून इथे सुस्कारा सोडणे म्हणूनच धोक्याचे.

भाकीत अवघड होते तेही इथेच. हवामान विभाग वादळाचा मार्ग, दाब आणि वारा सांगतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यावरून आणि समुद्रतळाच्या खोलीवरून कुठे किती पाणी चढेल याचे गणित संगणकावर मांडते. गणित चांगले आहे, पण मार्गाच्या अंदाजात २४ तास आधीही सरासरी ७०-८० किलोमीटरची चूक राहते. झाई ते चिंचणी हे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून इशारा लांबलचक पट्ट्याला दिला जातो, आणि वादळ दुसरीकडे गेले की लोक म्हणतात, ‘उगाच घाबरवले.’

इशाऱ्यातला आकडाही नीट वाचायला हवा. ‘निसर्ग’साठी मुंबई, ठाणे, रायगडला नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी सांगितले होते. ही भर भरतीच्या वर पडते, त्यामुळे तिथी आणि वेळ पाहावी लागते. किनाऱ्यावरची माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित इथे उपयोगी पडते. ‘तौक्ते’ आले तेव्हा वैशाख शुद्ध पंचमी होती, भांगाचे दिवस जवळ येत होते. ‘निसर्ग’ आले तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि उधाण चढत होते. पण मुंबईची भरती सकाळी दहाच्या सुमारास येऊन गेली होती, आणि वादळ जमिनीवर चढले ते दुपारी साडेबारानंतर, ओहोटी लागल्यावर.