मावळ्याच्या पागोट्याला सावली

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आम्ही बचत गटात रंगवतो. सपाट रंगवलेल्या मावळ्याचं नाकडोळं लांबून दिसत नाही, मग गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. एवढ्याशा चित्रावर उजेडाची सावली नीट पडत नाही. ती आपणच रंगवायची.

आधी ॲक्रिलिकचा मूळ रंग देऊन पूर्ण वाळू द्या. पोस्टर कलर नको, पुढचं पाणी लागलं की तो सुटतो. मग तपकिरी रंग कोऱ्या चहाइतका पातळ करून पागोट्याच्या पिळांत, हनुवटीखाली, शेल्याच्या चुण्यांत सोडा. तो आपोआप खाचेत उतरतो. उंच भागावर साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. काळा मात्र नको, चेहरा मळकट दिसतो.

वाळल्यावर जुन्या, राठ ब्रशला फिकट रंग लावून तो चिंधीवर जवळजवळ पुसून टाका. (आमच्याकडे झिजलेले ब्रश आता कुणी फेकत नाही!) उरलासुरला रंग नाक, गाल, पागोट्याचे वरचे पीळ यांवरून अलगद फिरवा. लालात पांढरा मिसळला तर गुलाबी होतो, म्हणून लाल पागोट्यावर नारिंगी घ्या.

डोळे आणि मिशा सगळ्यांत शेवटी. आधी काढले तर तपकिरी पाण्याने डोळ्यांचं पांढरं मळतं.